प्रॉम्प्टरच्या जागेवर बसा : झाडीपट्टीतल्या होतकरू रंगकर्मी-अभ्यासकांसाठी

धान घरात आलं, दिवाळी सरली की नवेगाव बांधच्या आसपास मंडयांच्या जत्रा भरू लागतात. मग बैलांच्या शर्यतींचा शंकरपट येतो, आणि पट तिथं रात्री नाटक हे ठरलेलंच. घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकीची बोलणी होतात, जेवणं आटोपून सगळं गाव मंडपात जाऊन बसतं आणि उजाडायच्या सुमारास घरी परततं. होळीपर्यंत हे चालू असतं. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत वाढलेल्या पोराला नाटक म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच पोरानं किंवा पोरीनं बारावीनंतर ‘मला नाटकाचाच अभ्यास करायचाय, त्यातच काम करायचंय’ म्हटलं की घरातले गप्प होतात. शिकायचं कुठं, पोट कसं भरायचं, पुढं नोकरी लागेल का, याची उत्तरं गावात कुणाजवळ नसतात. हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे, आणि काळजीत पडलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही.

मला सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. नाटक करणं आणि नाटकाचा अभ्यास करणं ही दोन कामं वेगळी काढू नका. दोन्हींना एकदमच हात घाला, आणि सुरुवात इथूनच करा. बहुतेकांचं होतं असं, की मूल आधी शहरात जातं, पदवी घेतं, तिथली नाटकं पाहून इथल्या नाटकाला नाकं मुरडायला शिकतं आणि दहा-बारा वर्षांनी पीएच.डी.चा विषय शोधत प्रश्नावली घेऊन परक्यासारखं याच गावात येतं. तोवर ज्यांना विचारायचं ती माणसं गेलेली असतात.

अभ्यासक इथलाच का हवा, तेही पाहू. मराठी रंगभूमीचा इतिहास बहुतेक पुस्तकांत १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू होतो, १८८० च्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’वरून पुढं जातो आणि मग मुंबई-पुण्यातच फिरत राहतो. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांच्या वाट्याला ‘लोककला’ या प्रकरणातला एखादा परिच्छेद येतो. झाडीपट्टीचं आजचं नाटक तर त्या प्रकरणातही नीट बसत नाही, कारण ते लोककलाही आहे आणि व्यवसायही. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं, गावोगावच्या मंडळांनी केलेलं बुकिंग, तिकीट काढून येणारा प्रेक्षक, लाखोंची उलाढाल, आणि हे सगळं मुख्यतः प्रेक्षकांच्या पैशावर. शहरातली व्यावसायिक नाटकं शनिवार-रविवारचा प्रेक्षक मिळवताना मेटाकुटीला येतात, आणि इथं आडवारीही मंडप भरतो. तो का भरतो, याचं उत्तर बाहेरून येऊन दोन रात्री थांबणाऱ्याला सापडणार नाही. ज्याच्या घरी त्या रात्री पाहुणे आलेले असतात त्याला ते सापडू शकतं.

याचा अर्थ आधी कुणी कामच केलं नाही असा नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोककला यांच्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचं लेखन वाचल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नका. मंचावरच्या माणसांत परशुराम खुणे यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. गुरनोलीच्या या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली. ‘एकच प्याला’पासून ‘मरीमायचा भुत्या’पर्यंत त्यांनी सगळ्या जातीची नाटकं केली. एका नटाच्या कामात गडकऱ्यांचं नाटक आणि मरीमायचा भुत्या शेजारी शेजारी कसे नांदतात, या एका प्रश्नावर अख्खा प्रबंध होईल.

आता पहिल्या हंगामाविषयी. नवेगाव बांधहून अर्जुनी गाठा. गोंदिया–बल्लारशा गाडीनं वडसा तिथून जवळच. दिवाळीच्या आधीच जा, कारण एकदा प्रयोग सुरू झाले की कुणाला बोलायला सवड नसते. भूमिका मागू नका. नव्या पोराला मिळते ती शिपायाची नाहीतर गावकऱ्याची, आणि त्यातून शिकायला थोडंच मिळतं. जमलं तर प्रॉम्प्टरच्या हाताखाली बसायला मागा.

झाडीपट्टीत प्रॉम्प्टर हा नाटकाचा कणा आहे. नट आज एका गावात एका नाटकात असतो, उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्याच नाटकात. काही नागपूरकडून थेट प्रयोगाला येतात. तालमी मोजक्याच होतात. अशा वेळी सगळी संहिता एकाच माणसाच्या हातात असते, आणि तो प्रेक्षकांच्या नजरेआड, मंचाच्या पुढच्या कडेला वही धरून बसलेला असतो. शब्द नुसते वाचून दाखवणं हे त्याचं काम नाही. कुठल्या नटाला पूर्ण वाक्य लागतं आणि कुणाला पहिले दोन शब्द पुरतात, हे त्याला माहीत असावं लागतं. मंडपात हशा उसळला की पुढचा शब्द धरून ठेवायचा, विरायला लागला की सोडायचा. नटानं मध्येच पदरचं काही घातलं तर त्याला मोकळं सोडायचं आणि तो परत येईल त्या ओळीवर बोट ठेवून थांबायचं. लय, विराम, नट आणि प्रेक्षक यांच्यातली देवाणघेवाण, हे सगळं नाट्यशाळेत ज्या नावांनी शिकवतात ते इथं तुमच्या कानाशी घडतं. एक हंगाम त्या जागेवर काढला तर पुढं कुठल्याही प्रवेश परीक्षेत, कुठल्याही मुलाखतीत तुमच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असेल.

सोबत एक जाड वही ठेवा. डाव्या पानावर संहितेत काय आहे ते, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. वर तारीख, वार आणि साल. साल विसरू नका. दहा वर्षांनी ‘मंगळवार, पौष’ एवढ्यावरून काही कळत नाही. मग गाव, निमित्त मंडईचं की पटाचं, नाटक बसवणारं मंडळ, लेखकाचं नाव, तिकिटाचे दर. पडदा किती वाजता उघडला, प्रत्येक अंक किती वाजता संपला, गाणं संहितेत होतं की मागाहून घातलं, वन्स मोअर कशाला मिळाला, लोक चहाला कधी उठले, बायका कुठं रडल्या. प्रयोगाची छापील पत्रकं गोळा करा. त्यावर साल छापलेलं नसेल तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. कलावंत जे बोलले ते झाडीबोलीत बोलले असतील तर तसंच उतरवा. पुण्याच्या मराठीत ‘सुधारून’ लिहिलंत की निम्मा पुरावा पुसला गेला म्हणून समजा.

जुन्या दंडारींकडे विशेष लक्ष द्या. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कितीतरी माणसांनी तरुणपणी परसंगी दंडारीत कामं केली आहेत, काहींनी स्त्रीभूमिकाही. त्यांच्या पेट्यांत हातानं लिहिलेल्या वह्या असतात. त्या मागून नेऊ नका. त्यांच्याच अंगणात बसून मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा आणि वही त्यांच्या हाती परत द्या. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा, आणि सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात नाव, गाव आणि संमती घ्या.

या पद्धतीचं उदाहरण नवेगाव बांधलाच आहे. मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिले. कोलू पाटील कोहळींनी बांधलेल्या या तलावाच्या काठी त्यांनी पाखरांचा अभ्यास केला, आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या इथल्या जाणत्या माणसांना, कोळी-ढिवरांना, आदिवासींना गुरू मानून केला. पक्ष्यांची स्थानिक नावं आणि सवयी त्यांनी याच लोकांकडून घेतल्या. त्यातून उभं राहिलेलं काम ‘पक्षिकोशा’पर्यंत गेलं. २००६ साली ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाखरांसाठी त्यांनी केलं ते नाटकासाठी करणारं माणूस अजून नवेगावातून निघायचंय.

दुसरं उदाहरण सीमेपलीकडचं, पण परकं नाही. हबीब तन्वीर १९२३ साली रायपूरला जन्मले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९४४ मध्ये बी.ए. झाले. पुढं लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकले, बर्लिनला जाऊन ब्रेख्तच्या नाटकांचे प्रयोग पाहिले, आणि १९५८ मध्ये परत येऊन छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांना घेऊन ‘मिट्टी की गाडी’ बसवलं. १९५९ मध्ये त्यांनी ‘नया थिएटर’ काढलं. बारकाईनं पाहण्याची गोष्ट पुढंच आहे. सुरुवातीची अनेक वर्षं ते या गावकरी नटांना हिंदी बोलायला लावत आणि मंचावर कुठून कुठं चालायचं ते आखून देत. नट अवघडायचे. गावात रात्ररात्र मंडळी खिळवून ठेवणारी माणसं दिल्लीच्या मंचावर फिकी वाटायची. कारण लक्षात आल्यावर तन्वीरांनी आपली पद्धत बदलली. भाषा छत्तीसगडी केली, नटांना उत्स्फूर्तपणे प्रसंग रचू दिले. १९७३ साली रायपूरच्या नाचा शिबिरातून ‘गांव के नाव ससुराल, मोर नाव दामाद’ निघालं, १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आलं, आणि १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. लंडनचं शिक्षण वाया गेलं असं कुणी समजू नये. त्या शिक्षणामुळंच त्यांना काय अडतंय ते दिसलं. फक्त शिक्षणानं दिलेली मोजपट्टी त्यांनी नटांवर लादायची थांबवली. तुम्ही बाहेर शिकायला जाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.

बाहेर शिकायला जावं, हे मी ठामपणे सांगते. आपल्या मंडपातलं नाटक नीट दिसायला दुसऱ्या पद्धतीचं नाटक जवळून पाहिलेलं असावं लागतं. बी.ए. अर्जुनी मोरगाव किंवा गोंदियाला झालं तरी चालेल. मराठी घ्या, इतिहास किंवा समाजशास्त्र घ्या, आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दरवर्षी उतरा. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत विदर्भातल्या एखाद्या केंद्रावरून संघात काम मिळालं तर तोही अनुभव जमेस धरा. प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र, पत्रक, फोटो जपून ठेवा, कारण पुढं तेच मागतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी आणि किमान सहा नाटकांतला सहभाग अशी अट असते. तिथं विद्यावेतन मिळतं, म्हणून गरीब घरच्या मुलांनी त्या नावाला घाबरू नये. झाडीपट्टीचा एक हंगाम केलेल्या मुलाला सहा नाटकं जमवणं जड नाही. फक्त पुरावा ठेवलेला हवा.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककला अकादमी आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जुना नाट्यशास्त्र विभाग आहे. त्या विभागातल्या डॉ. रुस्तुम अचलखांबांचं नाव इथं घ्यायलाच हवं. मराठवाड्याच्या खेड्यातून आलेल्या या माणसानं नाटक शिकवलं, बसवलं, आणि तमाशावर अभ्यासग्रंथही लिहिला. तमाशा त्यांनी पाहुण्यासारखा पाहिला नाही, म्हणून त्यांच्या लेखनात तो जिवंत राहिला. नाटक करत करत अभ्यास करायचा म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

गोंदियाच्या मुलांना क्वचितच कुणी सांगतं असा एक पर्याय म्हणजे खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. १९५६ साली स्थापन झालेलं हे कला विद्यापीठ छत्तीसगडात आहे, पण हावडा मार्गानं गेलं तर गोंदियानंतर डोंगरगड लागतं आणि तिथून खैरागड पुण्या-मुंबईच्या मानानं अंगणातच. शिकवणं हिंदीत. संगीत, नृत्य, चित्रकला यांबरोबर नाट्याचंही शिक्षण मिळतं, आणि नाचाचा प्रदेश पायाखाली असतो. दंडार, खडी गंमत आणि नाचा यांचा शेजार तपासून पाहायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही. प्रवेशाच्या अटी आणि तारखा दरवर्षीच्या माहितीपत्रकावरूनच पक्क्या करा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

एम.ए.नंतर पीएच.डी. आणि अध्यापनाकडे जायचं असेल तर नेट परीक्षा द्यावी लागेल. नाट्यकलेसाठी ‘परफॉर्मिंग आर्ट्स’ हा विषय आहे. मराठीत एम.ए. केलं असेल तर मराठीतून नेट देऊनही रंगभूमीवर संशोधन करता येतं. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि तेवढ्यात संशोधनाचा संसार नीट चालतो. विषय मात्र छोटा निवडा. ‘झाडीपट्टी रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास’ अशी शीर्षकं पुरे झाली. एकाच गावाच्या मंडईत गेल्या तीस वर्षांत कोणती नाटकं झाली, प्रॉम्प्टरची वही आणि प्रयोग यांत किती फरक पडतो, बाहेरून येणाऱ्या नट्यांचं हंगामातलं जगणं, झाडीबोलीतले विनोदी प्रवेश आणि प्रमाण मराठीतले गंभीर प्रवेश एकाच नाटकात कसे बसवतात, असे विषय घ्या. कागदपत्रं शोधताना एक लक्षात ठेवा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधीचं दप्तर धुंडाळायचं तर भंडाऱ्याला जावं लागेल. नाटकांच्या संहिता मंजुरीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जातात, तिथला माग काढा. नागपूरला विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आणि जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली आहेत.

आता पैशांविषयी, कारण आईवडिलांचा खरा प्रश्न तोच. झाडीपट्टीत कलावंताला ‘नाईट’वर पैसे मिळतात. नाईट झाली तर पैसे, रद्द झाली तर नाही, आणि होळीनंतर सात-आठ महिने हात रिकामे. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच किती नाईट, किती मानधन, प्रयोग रद्द झाल्यास काय, प्रवास आणि जेवण कुणाकडे, हे कागदावर घ्या. ओळखीच्या माणसाशी कागद करायला संकोच वाटतो, तो सोडा. विद्यापीठांतल्या नाटकाच्या जागा थोड्या आहेत आणि भरतीही रेंगाळते, म्हणून त्या एकाच आशेवर बसू नका. मराठी किंवा दुसऱ्या विषयात बी.एड. करून शाळेत नोकरी धरली आणि नाटक चालू ठेवलं तर त्यात कमीपणा नाही. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात नोकरी करत होते. ‘महानिर्वाण’ त्यांनी १९७४ मध्ये त्या नोकरीच्या काळातच लिहिलं, आणि १९९६ मध्ये ते ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. पंचवीस-तीस वर्षांच्या वाटचालीत नोकरी हा टप्पा असू शकतो. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनाही पाहून ठेवा. १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते, २५ ते ४० वयासाठी दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ आणि चाळिशीपुढं २०,००० रुपयांची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती असते. अर्जासोबत काम दाखवावं लागतं, आणि तिथं ती जाड वही कामी येते.

मुलींच्या घरच्यांना वेगळं सांगायला हवं. रात्रीचे प्रयोग, गाडीतला प्रवास आणि नाटकातल्या बाईकडे बघण्याची गावाची नजर, या काळज्या खऱ्या आहेत. त्या उडवून लावू नयेत. मुक्कामाची जागा कोणती, सोबत कोण, परतीची गाडी कुणाची, हे आधी ठरवून घ्या आणि ठरल्याप्रमाणे होत नसेल तर ती कंपनी सोडा. पण मुलीला अभ्यासापासून अडवू नका. रंगपटात नटी मन मोकळं करते ते दुसऱ्या बाईपाशी. ती कुठून आली, मूल कुणाजवळ ठेवून आली, पैसे घरी कसे पाठवते, हे कुठल्या पुरुष अभ्यासकाला ती सांगणार नाही. झाडीपट्टीच्या नाट्यइतिहासाचा हा अर्धा भाग मुलींनीच लिहावा लागणार आहे.

शेवटची गोष्ट देण्याघेण्याची. ज्याच्याकडून गाणं घेतलंत, मुलाखत घेतलीत, वहीचे फोटो घेतलेत, त्याला त्याची प्रत पोहोचवा. छापून आलं तर अंक घरी नेऊन द्या, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. लेखात त्याचं नाव स्पष्ट लिहा, मात्र कुणी नाव नको म्हटलं तर तेवढं पाळा. मुद्रणं आणि फोटो मोबाइलमध्ये पडू देऊ नका. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी नातेवाइकाकडे दुसऱ्या गावी ठेवा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि माणूस घाला. यंदाच्या मंडईला ज्या नाटकाला जाल तिथून हे सुरू करता येईल. त्यासाठी कुणाची परवानगी किंवा पदवी लागत नाही, संहिता हाताळायची असेल तर कंपनीच्या मालकाला तेवढं विचारा.